पंच्याऐंशी पाकिटं

"अठ्ठावन्न," सॅक्रामेंटोहून फोनवर बोलणारी बाई म्हणाली.

"काल छप्पन होती ना?"

"हो. आज दोन आली."

अंजनानं थँक यू म्हणून फोन ठेवला, मग पुन्हा उचलला आणि मुद्दाम आपटला. टेबलापाशी सीरियल खात बसलेल्या तिच्या मुलीनं, हर्षितानं, मान वर केली. कॉलेज सुरू व्हायला पाच दिवस होते म्हणून ती अजून घरी होती.

"मॉम, द फोन डिडन्ट डू एनिथिंग."

"फोनला नाही, मला त्या दोनशे बारा माणसांना आपटायचंय."

दोनशे बारा म्हणजे पर्सिमन कमिशनच्या, त्या फळाची जाहिरात करणाऱ्या मंडळाच्या, यादीवरचे सगळे बागवाले. कमिशन बंद करायचं की चालू ठेवायचं यावर टपालानं मतदान चाललं होतं. कायद्यातला शब्द 'स्थगित' असा होता, पण बागवाले सरळ बंदच म्हणत. मतपत्रिकेवर खूण करायची, ती पाकिटात घालायची, पाकिटावर सही करायची आणि टपालपेटीत टाकायची, एवढंच काम. पण नियम असा की यादीतल्या निदान चाळीस टक्के लोकांची पाकिटं यायला हवीत. म्हणजे पंच्याऐंशी. शुक्रवारी, सव्वीस जानेवारीला संध्याकाळी पाचच्या आत तेवढी आली नाहीत तर एकही पाकीट फोडायचं नाही, कमिशन आहे तसं पुढे चालू. किती पाकिटं आली ते राज्याच्या कृषी खात्यातली ती बाई रोज सांगायची. आत काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. आज एकोणीस तारीख होती आणि सत्तावीस पाकिटं कमी होती.

अंजना मेश्राम मूळची नागपूरची, इंदोऱ्याची. केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली. सांता क्लाराच्या एका चिप कंपनीत चौदा वर्षं तिनं प्रोसेस लाइनवर काढली. ब्याण्णव साली कंपनीनं ती लाइनच बंद केली तेव्हा तिचा नवरा दादाराव म्हणाला, "आता पुन्हा रेझ्युमे घेऊन हिंडू नकोस. एक बाग बघून ठेवलीय मी." दादाराव सिव्हिल इंजिनियर. त्याला कुठलीही जमीन दिसली की ती मोजावीशी वाटे. हॉलिस्टरजवळची अठरा एकराची पर्सिमनची बाग त्यानं तीन वेळा मोजली आणि मग दोघांनी घेतली. तो रोज तासभर ड्राइव्ह करून सांता क्लाराला जायचा आणि बाग अंजनाच्या अंगावर.

पर्सिमन हे फळ तिनं त्याआधी खाल्लंही नव्हतं. त्याच्या दोन जाती. फुयू चपटा, टोमॅटोसारखा दिसणारा, सफरचंदासारखा कचाकचा खाता येणारा. हाचिया टोकदार, आणि पूर्ण मऊ होईपर्यंत इतका तुरट की जीभ टाळ्याला चिकटते. मऊ झाला की मात्र रबडीसारखा. अंजनाची बाग हाचियाची होती. आणि कमिशन गेली कित्येक वर्षं जाहिरात करत होतं ती फुयूची.

तिचा सगळा राग इथून सुरू झाला. विकलेल्या प्रत्येक पेटीमागे बागवाल्यानं कमिशनला ठरलेले सेंट द्यायचे आणि कमिशननं त्यातून सगळ्यांच्या फळाची जाहिरात करायची, अशी ती व्यवस्था. तिनं पहिल्यांदा नागपूरला भावाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "जय भीम ताई, कमिशन बंद करताय तर बरंच आहे, दलाल सगळीकडे सारखेच." ती दलाली नव्हे हे समजावण्यात तिची दहा मिनिटं गेली होती. फळ खोक्यांत भरून दुकानांना पुरवणाऱ्या मोठ्या पॅकिंग हाऊसवाल्यांकडे फुयू होता, कमिशनवर तेच बसलेले होते, त्यामुळे पोस्टरवर फुयू, रेसिपी कार्डवर फुयू. एका वर्षी त्यांनी सुपरमार्केटमध्ये एका माणसाला फुयूचा गोल नारंगी पोशाख घालून उभं केलं आणि पोरं त्याला टोमॅटो टोमॅटो म्हणून ढकलत होती. अंजनानं तीन वर्षं प्रत्येक मीटिंगला हात वर करून विचारलं की हाचियाचं काय. तीन वर्षं अध्यक्ष म्हणाले, "नोंद घेतली."

मग तिनं अर्ज केला. मतदान घ्यायला एक्कावन्न सह्या लागत होत्या, तिला चार दिवसांत साठ मिळाल्या. खतांच्या दुकानात, चर्चच्या पार्किंगमध्ये, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात, जिथे विचारावं तिथे लोक पेन हिसकावून घेत होते. "बंद करा एकदाचं!" सगळे म्हणत होते. त्या चार दिवसांत तिला खरंच वाटलं होतं की काम झालं.

शनिवारी ती टोनी सिल्वेराकडे गेली. टोनीची बाग तिच्या बागेला लागून. त्याचे आजोबा पोर्तुगीज बेटांवरून आलेले. अर्जावर पहिली सही त्याची होती.

"टोनी, पाकीट टाकलंस?"

"हे काय, इथंच आहे." त्यानं फ्रिजकडे बोट दाखवलं. मतपत्रिका मॅग्नेटखाली लावलेली होती आणि तिच्या मागच्या बाजूला कुणीतरी डेंटिस्टची वेळ लिहून ठेवली होती.

"अरे, पण ती टाकायची असते!"

"टाकतो ना. तू काळजी करू नकोस, तू जिंकणारच आहेस."

"टाकली नाहीस तर कशी जिंकणार?"

"सगळे तुझ्या बाजूनं आहेत," टोनी प्रेमानं म्हणाला आणि तिला अक्रोडाची पिशवी दिली.

पुढचा माणूस म्हणाला, मी तर मागेच सही केली. अर्जावरची सही म्हणजेच मत, अशी त्याची समजूत होती. असे तिला त्या दिवशी चार जण भेटले. गुरबचनसिंग म्हणाले, "बहनजी, मेरे एक वोट से क्या होगा?" त्यांच्या एकाच घरात तीन बागा आणि तीन मतपत्रिका होत्या, तिन्ही हिशेबाच्या कागदांत गेलेल्या. अंजनानं बूट काढून त्यांच्या बैठकीत मांडी घातली आणि कागद शोधून होईपर्यंत हलली नाही. एका बाईनं मतपत्रिका भरली होती, पण पाकिटावर सही केली तर पॅकिंग हाऊसवाल्याला कळेल म्हणून पाठवली नव्हती. पाकीट वेगळं ठेवतात, मत वेगळं, नाव कुणाला दिसत नाही, हे अंजनानं तिला तीनदा सांगितलं. बाईनं तीनदा मान डोलावली आणि म्हणाली, "नवऱ्याला विचारते."

घरी येऊन तिनं चहा टाकला आणि दादारावपुढे अक्रोडाची पिशवी ठेवली. "हे मिळालं. दिवसभर फिरून."

"अगं, लोक असेच असतात."

"असेच म्हणजे कसे? शिव्या द्यायला सगळे पुढे, अन् एक पाकीट टाकायचं तर हात मोडले यांचे!"

दादाराव हसला. "आणि मुदत कधी संपते बघ. सव्वीस जानेवारी. आपला दिवस आहे."

"तुम्हाला सगळ्याची गंमत वाटते," अंजना म्हणाली. तिला मुळीच गंमत वाटत नव्हती. मतदानाच्या दिवशी तिचे बाबा मिलमधली पाळी बदलून घेत, आंघोळ करून नीळ दिलेला सदरा घालत आणि सगळ्या गल्लीला आवाज देत निघत. एका वर्षी आईला ताप होता तर तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं होतं. आई नंतर दोन दिवस शाईच्या बोटाला राख लागू देत नव्हती. अंजना तेव्हा आठ वर्षांची होती. तिला वाटायचं सगळ्या जगात लोक असंच करत असतील.

सोमवारी आकडा त्रेसष्टवर गेला. त्याच दिवशी ती खोक्यांच्या ऑर्डरसाठी डेल व्हिटकरच्या पॅकिंग हाऊसमध्ये गेली होती. व्हिटकर कमिशनचा खजिनदार, फुयूचा सगळ्यात मोठा बागवाला. तो नेहमीसारखाच गोड बोलला. कॉफी देऊ का, मुलगी कशी आहे, सगळं विचारलं. मग म्हणाला, "तुमच्या मतदानाचं कसं चाललंय?"

"तुम्ही टाकलंत का?"

"मी? छे." तो खुर्चीत मागे रेलला. "मी मत दिलं तर तुमचं एक पाकीट वाढतं. नाही दिलं तर तुम्ही पंच्याऐंशीला पोचतच नाही. आम्ही बारा-पंधरा जण घरात बसणार आहोत. आमचं मत तेच."

अंजना कारमध्ये येऊन बसली आणि बराच वेळ किल्ली फिरवायची विसरली. नियमात आणखी एक अट होती. पाकिटं पुरेशी आली तरी बंद करा म्हणणाऱ्यांची नुसती डोकी जास्त असून भागत नव्हतं. मत दिलेल्या सगळ्यांनी मिळून जेवढं फळ विकलं त्यातलं पासष्ट टक्के त्यांचं हवं होतं. व्हिटकर आणि मंडळींनी मत दिलं असतं तर त्या वजनाखालीच अर्ज दबला असता. पण त्यांना तेवढीही तसदी घ्यायची नव्हती. छोटे बागवाले पाकीट टाकायचाच आळस करतील यावर त्यांचा एवढा भरवसा होता. आणि फ्रिजवरची ती मतपत्रिका आठवली की तो भरवसा चुकीचा आहे असंही म्हणता येत नव्हतं. तिला व्हिटकरपेक्षा टोनीचा जास्त राग आला.

संध्याकाळी तिनं यादी पुढे घेतली आणि आतापर्यंत सोडून दिलेली नावं पाहायला लागली. कमिशन हवंच म्हणणारे, पण व्हिटकरच्या गोटातले नसलेले. असे दहा-अकरा निघाले.

"यांच्याकडे जाऊन काय सांगणार?" दादारावनं विचारलं.

"माझ्या विरुद्ध मत द्या म्हणून सांगणार."

हर्षिता बॅग भरत होती. "मॉम, यू आर कॅम्पेनिंग फॉर द अदर साइड!"

"हो. कारण माझी साइड झोपलीय."

मंगळवारी दुपारी ती हेन्री ओकुबोकडे गेली. ओकुबो अडुसष्ट वर्षांचे, चाळीस एकर बाग स्वतः बघणारे. एकोणऐंशी साली कमिशन उभं केलं ते यांनी आणि आणखी तिघांनी. बाकी तिघं आता नव्हते. अंजनानं अर्ज केल्यापासून त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं, रस्त्यात ट्रक समोरून आला तरी हात वर करत नसत. ती गेली तेव्हा ते शेडमध्ये शिडीची पायरी बसवत होते.

"मिस्टर ओकुबो, मला पाच मिनिटं हवी होती."

"बोला." त्यांनी हातोडी खाली ठेवली नाही.

"तुम्हाला कमिशन हवंय हे मला माहीत आहे. तुम्ही 'चालू ठेवा'वरच खूण करा. पण पाकीट टाका."

"कमिशन बंद करायला निघालात तुम्ही. आणि मत मागायला माझ्याकडे आलात?"

"मत मागत नाहीये. टाका म्हणतेय."

"कारण तुम्हाला पाकिटं कमी पडतायत."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो," ती म्हणाली. "एकोणीस कमी आहेत."

त्यांनी एक खिळा ठोकला. मग म्हणाले, "एकोणऐंशीच्या आधी आम्ही हाचिया चरात ओतून देत होतो. दुकानदारांना ते काय आहे तेच कळायचं नाही. माझी बायको आणि मी शनिवार-रविवार दुकानांच्या दारात उभं राहून लोकांना चमच्यानं भरवायचो. ते कमिशन तुम्ही बंद करणार."

"आता ते चमच्यानं कुणाला भरवतात? हाचियाचं नावसुद्धा घेत नाहीत. मी तीन वर्षं विचारतेय."

"विचारताना पाहिलंय मी. पण कमिशनच्या निवडणुकीला एकदाही उभ्या राहिला नाहीत. बंद करणं सोपं असतं."

हे तिला लागलं. "उभी राहिले असते तर मला मत कुणी टाकलं असतं? याच लोकांनी? त्यांना पाकीट टाकवत नाही!" तिचा आवाज चढला आणि मग ती थांबेना. टोनीचा फ्रिज, गुरबचनसिंगांचे कागद, नवऱ्याला विचारते म्हणणारी ती बाई, घरात बसून जिंकणारा व्हिटकर, सगळं तिनं सांगितलं. बाबांबद्दलही सांगितलं, सदरा, सायकल, सगळं. ते का सांगितलं हे तिला स्वतःलाही कळलं नाही. इथल्या कुणाला तिनं ते कधी सांगितलं नव्हतं.

ओकुबो शिडीला टेकून ऐकत राहिले. ती थांबली तेव्हा म्हणाले, "माझे वडील जपानहून आलेले, म्हणून त्यांना इथं सत्तेचाळीस वर्षं मत नव्हतं. जमीनही घेता येत नव्हती, म्हणून ही बाग मी सहा वर्षांचा असताना माझ्या नावावर घेतली, कारण मी इथं जन्मलेला. मग मी पंधराचा झालो, जपानशी युद्ध सुरू झालं आणि आम्हाला सगळ्यांना उचलून छावणीत नेलं. वडिलांनी पहिलं मत दिलं चौपन्न साली. काउंटीतल्या पाण्याच्या बोर्डासाठी. टाय बांधून गेले होते."

"मग तुम्ही घरात कसे बसू शकता?"

"डेलचा फोन आला होता मला," ते म्हणाले. "बस म्हणाला."

"मग?"

"मग काही नाही. तासभर झाला, मला काम आहे." त्यांनी हातोडी उचलली.

अंजना परत आली ती धुमसत. म्हातारा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पुढच्या दोन दिवसांत ती उरलेल्या विरोधकांपैकी सात जणांकडे गेली. एकानं दार उघडलं नाही. दोघांनी तिला वेड लागल्यासारखं पाहिलं, पण पाकीट टाकलं. बुधवारी आकडा एकाहत्तर झाला, गुरुवारी शहात्तर.

गुरुवारी संध्याकाळी ज्यांच्या हातात पाकिटं तयार होती पण टपालानं वेळेत पोचणार नव्हती अशांकडून तिनं ती बंद केलेली गोळा केली. सहा झाली. टोनीचं पाकीट तिनं स्वतः फ्रिजवरून काढायला लावलं होतं. तिच्यासमोर त्यानं ते चाटून बंद केलं आणि विजय मिळवल्यासारखं तिच्या हातात दिलं.

दादाराव घरी आला तेव्हा ती सहा पाकिटं टेबलावर मांडून बसली होती.

"आपलं कधी टाकलंत?" तिनं सहज विचारलं. बागेच्या कागदावर पहिलं नाव दादारावचं होतं म्हणून मतपत्रिका त्याच्या नावानं आली होती. भरून, सही करून, टाकायला म्हणून तो ऑफिसला घेऊन गेला होता, त्याला तीन आठवडे झाले होते.

दादारावनं बॅग उघडली, पुढचा कप्पा पाहिला, मागचा पाहिला, आणि कडा मुडपलेलं पाकीट काढून हळूच त्या सहांच्या शेजारी ठेवलं.

अंजना त्याच्याकडे पाहत राहिली. गेल्या आठवड्यात ती दोनशे मैल फिरली होती.

"राहूनच गेलं गं," दादाराव म्हणाला.

"बोलू नका," अंजना म्हणाली. "आज एक शब्द बोलू नका."

शुक्रवारी ती सकाळी निघाली. वाटेत धुकं इतकं होतं की अडीच तासांचा रस्ता सहा तासांचा झाला. मध्ये एक ट्रक आडवा पडलेला, पोलिसांनी सगळ्यांना एका शेतातल्या रस्त्यानं वळवलं, आणि तिथं ती चुकली. सॅक्रामेंटोच्या ऑफिसात पोचली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. रोज फोनवर बोलणारी बाई तिनं पहिल्यांदाच पाहिली. ती तिच्या कल्पनेपेक्षा खूप तरुण होती.

"आजच्या टपालात तीन आली," बाई म्हणाली. "एकोणऐंशी."

"ही सात." अंजनानं पाकिटं पुढे केली. शहाऐंशी. एक जास्तच.

बाईनं एकेक उलटून पाहिलं. पाचव्या पाकिटावर ती थांबली आणि ते अंजनाकडे फिरवलं. सहीची रेघ कोरी होती. वर कोपऱ्यात छापलेलं नाव होतं अँथनी सिल्वेरा.

"पाचच्या आत येऊन सही केली तर चालेल," बाई मनापासून म्हणाली.

अंजनानं घड्याळाकडे पाहिलं, मग त्या कोऱ्या रेघेकडे. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. "तो अडीच तास लांब आहे," ती म्हणाली. "आणि शेजारी असता तरी विसरला असता."

"मग पंच्याऐंशी."

"पुरतात ना?"

"बरोबर पुरतात," बाई म्हणाली. अंजना पाच वाजेपर्यंत तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. आणखी कुणी आलं नाही.

दहा दिवसांनी पत्र आलं. बंद करा म्हणणारे चौसष्ट, चालू ठेवा म्हणणारे एकवीस. आणि मोठे बागवाले घरी बसल्यामुळे वजनाची अटही सहज पार झाली होती. हंगाम संपला की कमिशनचं काम स्थगित. डेल व्हिटकरनं वकिलाला विचारलं म्हणे, पण मत द्यायला कुणी अडवलं नव्हतं, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. टोनीनं फोन करून सांगितलं, "बघ, मी म्हणालो नव्हतो?" अंजनानं फोन आपटला नाही. नुसता ठेवून दिला.

त्याच आठवड्यात ओकुबोंचा फोन आला. त्यांनी हॅलोही म्हटलं नाही.

"पत्र मिळालं. एकवीसमधला मी एक."

"थँक यू," अंजना म्हणाली. "त्या मंगळवारी मी जरा जास्तच बोलले असेन, पण तुम्ही माझं ऐकून..."

"ऐकून नाही. मी पाकीट सोमवारीच टाकलं होतं. तुम्ही मंगळवारी आलात."

"मग तासभर मला बोलू का दिलंत?"

"चांगलं बोलत होतात," ओकुबो म्हणाले. "पण तुमचं चुकलंय, हे मी अजून म्हणतो. कमिशन दुरुस्त करायला हवं होतं. आता पुढच्या नोव्हेंबरात दुकानदारांकडे कोण जाणार? डेल जाणार फुयू घेऊन."

"मी जाईन."

"एकट्या?"

"लोकांना बोलावीन. येतील किंवा येणार नाहीत. मला आता ठाऊक झालंय ते."

ओकुबो म्हणाले, "तुमची छाटणी चुकीची चाललीय. रस्त्यावरून दिसतं. झाडांची मधली फांदी ठेवताय, आत ऊन जाणार कसं?"

"पुस्तकात तसंच होतं."

"पुस्तक ठेवून द्या. गुरुवारी सकाळी येतो."

ते आले, स्वतःची शिडी आणि करवत घेऊन. दोन झाडं त्यांनी स्वतः केली, तिसरं तिच्याकडून करून घेतलं आणि दोनदा तिच्या हातून करवत काढून घेतली. कमिशनचा विषय निघाला की त्यांचा चेहरा पुन्हा ओढला जाई. जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत.

संध्याकाळी दादारावनं घरात पाऊल टाकताच विचारलं, "म्हातारबाबांचा राग गेला का?"

"नाही," अंजना हात धुता धुता म्हणाली. "पुढच्या गुरुवारी परत येतायत. आणि तुम्हीही रजा घ्या, चारशे झाडं उरलीत."